उभ्यानं लिहिलेली वेबसाइट

आमच्या कॉलेजच्या वेबसाइटची अक्षरं इतकी मोठी का, असं विचारणारं पत्र विद्यापीठाकडून दोनदा आलं. दोन्ही वेळा उत्तर मी लिहिलं आणि दोन्ही वेळा खोटं लिहिलं. पहिल्यांदा ‘तांत्रिक अडचण’ आणि दुसऱ्यांदा ‘दृष्टी कमी असलेल्या विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी’. खरं कारण असं होतं, की आमची वेबसाइट लिहिणारा माणूस एकेक ओळ लिहून झाली की उलट्या पावलांनी खोलीच्या दारापर्यंत जायचा, तिथून वाचून बघायचा, आणि वाचता आली नाही तर पुढे येऊन अक्षर वाढवायचा. हे विद्यापीठाला कोणत्या शब्दांत कळवणार?

त्यांना सगळं कॉलेज मामू म्हणायचं. हुद्दा शिपायाचा. पण उभ्या हयातीत त्यांनी कुणाला चहाचा कप नेऊन दिला नसेल. तरुणपणी ते हिंगोलीत आणि आसपासच्या गावांत पाट्या रंगवायचे. दुकानं, ट्रकच्या मागच्या फळ्या, शाळांच्या भिंती, निवडणुका, सगळं. त्यांचा हात बघून जुन्या प्राचार्यांनी त्यांना कॉलेजात आणलं आणि गेटजवळचा काळा फलक त्यांच्या ताब्यात दिला. रोज सकाळी ओल्या फडक्यानं फलक पुसायचा, खडूनं सूचना लिहायची, रस्त्याच्या पलीकडे जाऊन वाचायची आणि ‘बराबर’ म्हणायचं, हा त्यांचा नेम. ‘बराबर’ म्हटल्याशिवाय सूचना लागू झाली असं ते मानत नसत. तीस वर्षांत फलकावर एक अक्षर चुकलं नाही असं ते सांगत, आणि ज्यांना त्यांचं काही पटायचं नाही तेही हे मान्य करत.

मग विद्यापीठानं सगळ्या संलग्न कॉलेजांसाठी वेबसाइटचा एकच तयार साचा दिला. कॉम्प्युटरची भाषा न येता कोणीही लॉगिन करून मजकूर भरावा, बटण दाबावं आणि पान जगभर दिसावं अशी ती व्यवस्था. प्रत्येक कॉलेजनं एक लेखक नेमायचा होता. स्टाफ मीटिंगमध्ये सगळे प्राध्यापक एकाच वेळी चपलांकडे बघायला लागले. प्राचार्य म्हणाले, “सूचना कोण लिहितं आपल्याकडं? मामू. मग मामूच.” मी कॉम्प्युटर शिकवायला तासिका तत्त्वावर नुकतीच लागले होते. माझ्याकडे मामूंना शिकवायचं काम आलं. मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे.

पहिल्या दिवशी खुर्चीवरूनच वाजलं. मामू बसेनात.

“मॅडम, बसून चिठ्ठी लिवतात. फलक उभ्यानं लिवतात.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉलमधला भाषणाचा लाकडी स्टँड ओढत आणून त्यावर कीबोर्ड ठेवला, आणि स्क्रीन लोखंडी कपाटावर. उजवा हात ब्रशचा, म्हणून टाइप करायला डाव्या हाताचं एकच बोट. सुरुवातीला ओल्या फडक्यानं स्क्रीन पुसायची. मी ओरडले, की करंट लागेल. त्यांनी फडकं पिळून जरा कोरडं केलं. टाइप करताना कुणी बोललं की ते बोट हवेत थांबवून बोलणाऱ्याकडे बघत राहायचे, त्याचं बोलणं संपेपर्यंत. त्यामुळे त्या खोलीत लोक हळूहळू यायचेच बंद झाले. माझ्या दृष्टीनं ती सोयच झाली.

साच्यात ‘आमच्याविषयी’, ‘ध्येय आणि दृष्टी’, ‘छायाचित्र दालन’ अशी बरीच पानं होती. मामूंनी त्यातलं एकच उघडलं, ‘सूचना’. बाकी पानांवर आजही ‘येथे मजकूर लिहा’ एवढंच आहे. आणि त्या सूचनांच्या पानावर ते काय करायचे, तर रोज सकाळी कालचं सगळं पुसून आजचं लिहायचे. फलकावर करतात तसंच. मी डोक्याला हात लावला.

“मामू, इथं पुसायचं नसतं. जुनी सूचना राहू द्यायची, नवी खाली जोडायची. जागा भरपूर आहे.”

“जागा हाय म्हणून लिवायचं? जुनी ठिवली तं लेकरू कोणती खरी धरंल?”

इतर कॉलेजांच्या साइटवर मी बघितलं, तर गेल्या तीन वर्षांचे फॉर्म, मुदती आणि मुदतवाढी एकाखाली एक लोळत पडल्या होत्या. आमच्या साइटवर ज्या दिवशी जे खरं, तेवढंच होतं. पण मी पुस्तकातून शिकलेली होते. मला ते गावठी वाटायचं.

ऑफिसला त्यांचा वेगळाच राग. ऑफिसचं म्हणणं, सहीशिक्क्याचा कागद स्कॅन करून जशाचा तसा टाका, म्हणजे जबाबदारी संपली. मामू तो कागद घ्यायचे, दोनदा वाचायचे आणि स्वतःच्या शब्दांत नव्यानं लिहायचे. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’ या वाटेनं तो कागद पान भरून जायचा. मामू लिहायचे, ‘परीक्षेचा फॉर्म भरा. शेवटची तारीख अमुक. दोन फोटो आणा.’ सुपरिंटेंडेंट तणतणत आले, की शिक्का कुठाय?

“साहेब, शिक्का फोनवर उघडत न्हाई. सिद्धेश्वरकडच्या तांड्यावरलं लेकरू टेकाडावर चढून रेंज धरतं. त्याला तारीख दाखवावं का तुमचा शिक्का?”

पाट्या रंगवताना भिंत लहान आणि सायकलवाला घाईत, हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. वाचणारा थांबलेला असतो यावर त्यांचा विश्वासच नव्हता. सूचना टाकली की स्वतःचा जुना फोन घेऊन ते गेटबाहेर भर उन्हात जायचे, हात लांब करून पान वाचायचे. सावलीत वाचलेलं त्यांना चालायचं नाही. पोरं उन्हात वाचतात, असं त्यांचं म्हणणं.

संध्याकाळी आम्ही दोघं एसटी स्टँडपर्यंत चालत जायचो. मला हिंगोलीची गाडी असायची, त्यांना शिरड शहापूरची. वाटेत ते भिंती वाचायचे. वरची अक्षरं नव्हे, खालची. “हे मोबाइलचं दुकान दिसून राहिलं ना? त्याच्याखाली खताचं दुकान. त्याच्याखाली कुटुंब नियोजनाचं ‘दोन किंवा तीन पुरेत’. ते माह्या हातचं.” मला नुसता चुना दिसायचा. ते म्हणायचे, रंग कितीही मारा, खालचा रंग जात नाही, बघणारा पाहिजे.

म्हणून एक दिवस मी त्यांना त्या साच्यातली ‘आवृत्त्या’ नावाची यादी दाखवली. पान जितक्या वेळा बदललं तितक्या वेळा जुनं पान तारीख, वेळ आणि बदलणाऱ्याच्या नावासकट साठवलेलं असतं. त्यांनी रोज पुसलेलं सगळं तिथं ओळीनं होतं. मामू त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीवर बसले.

“म्हंजी हे पुसतच न्हाई?”

“नाही.”

“अन् कोणाचा हात हाय तेबी कळतं?”

“कळतं.”

बराच वेळ ते खाली खाली जात स्वतःचं जुनं लिहिलेलं वाचत राहिले. माझी गाडी चुकली.

त्या दिवसापासून त्यांना नवा नाद लागला. पान साठवताना एक छोटी चौकट येते, ‘काय बदल केला?’ ती चौकट सगळ्या विद्यापीठात कुणी भरत नसेल. वाचकाला ती दिसत नाही, फक्त आत लॉगिन केलेल्याला दिसते. मामू ती रोज भरायचे. ‘सुट्टी लिवली. ऊन लई.’ ‘साहेबांनी सांगितलं म्हणून लिवलं. मला पटलं न्हाई.’ ‘फीची सूचना. एक पोरगी वाचून रडून राहिली होती.’ आणि गेटबाहेर जाऊन आल्यावर नोंद पुन्हा उघडून शेवटी एक शब्द, ‘बराबर.’ हा शब्द नसलेली नोंद नव्हती.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मला तेव्हा वाटायचं, की माझ्यासारखी शिकलेली बाई असताना आमची साइट अशी बोडकी दिसते, ही माझी बेअब्रू आहे. इतर कॉलेजांच्या साइटवर लाल रंगात ‘नवीन’ असा शब्द लुकलुकत असतो. मला तो आमच्याकडे हवा होता. मी विषय काढला की मामू म्हणायचे, “अक्षरानं डोळा मारू न्हाई, मॅडम. काहून मारावं? माणूस वाचून राहिला ना.” मी संधी शोधत राहायचे.

संधी आली. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख आधी अठ्ठावीस होती, तशी मामूंनी लिहिली. मग विद्यापीठानं ती अलीकडे आणून अठरा केली. मामूंनी गेटवरही अठरा केली, पानावरही अठरा केली, बराबर म्हटलं, आणि पुतणीच्या लग्नाला डोंगरकडा गावी गेले. आठवड्याची रजा. मी त्यांच्या माघारी पान उघडलं आणि लुकलुकणारी पट्टी बसवायला घेतली. पट्टी बसली, पण खालची सूचना गायब झाली. माझी एसटीची वेळ झाली होती. मी ‘आवृत्त्या’ उघडल्या, मामूंच्या नावाची एक आवृत्ती निवडली, ‘परत आणा’ दाबलं. सूचना आली. ठीक दिसली. मी पर्स उचलून धावले. आलेल्या सूचनेत अठ्ठावीस होते. मी तारीख वाचलीच नव्हती.

एकवीस तारखेला सात मुलं ऑफिससमोर उभी होती. मामूही त्याच दिवशी कामावर परत आले होते. मुलांमध्ये तांड्यावरची सुनीता पुढे. तिनं प्राचार्यांसमोर फोन धरला.

“सर, आमच्या फोनात अठ्ठावीस हाय. आमी गेटवर कशाला येऊ? क्लास बंद हायत. आता फॉर्म घेईनात. माझं वरीस गेलं तं घरचे पुन्हा धाडत न्हाईत.”

ती रडत नव्हती. सरळ सांगत होती, त्यामुळे ऐकणं जास्त अवघड होतं.

प्राचार्यांनी विद्यापीठात फोन लावला. उत्तर मिळालं, की चूक कॉलेजची असेल तर तसं लेखी द्या, कारण आणि चूक करणाऱ्याचं नाव लिहा, आज पाच वाजेपर्यंत मेल करा, फॉर्म घेऊ. साडेचार झाले होते. प्राचार्यांनी मामूंना आणि मला आत बोलावलं.

“फलकावर अठरा, साइटवर अठ्ठावीस. दोन्ही तुम्हीच लिहिता, मामू. हे झालं कसं?”

मामू स्टँडपाशी गेले, लॉगिन केलं, एका बोटानं काहीतरी दाबलं आणि बघत राहिले. मी त्यांच्या मागे होते. माझा पुढचा करार त्याच आठवड्यात व्हायचा होता, मुलाखत परवावर आलेली. मला माहीत होतं, त्या यादीत वरून पहिलंच नाव माझं आहे. मला हेही वाटलं, की मामूंना ते दिसणार नाही, ते चष्मा पुसतायत, घाई आहे. माणूस स्वतःला काय काय समजावतो. मी घड्याळाकडे बघत राहिले. मामूंनी तारीख दुरुस्त केली, चौकट भरली, साठवली आणि परत आले.

“माह्याकडून झालं, साहेब. लिवा माझं नाव.”

पत्र पाचला दहा कमी असताना गेलं. सातही फॉर्म घेतले गेले. सुनीता पास झाली, आता ती नांदेडला पुढं शिकते. मामूंना लेखी ताकीद मिळाली, आयुष्यातली पहिली. ती सेवापुस्तकाला लागली. ताकीदपत्र हातात घेऊन त्यांनी ते लांब धरलं आणि म्हणाले, “ओळी सरळ न्हाईत.” सगळे हसले. मीही हसले. माझा करार झाला.

आणि प्राचार्यांनी एक नवी शिस्त घातली. यापुढे मामूंची सूचना परस्पर लागू होणार नाही. मामू लिहितील, ती ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत’ राहील, आणि मी तपासून ‘मंजूर’ दाबलं की मगच दिसेल. चुकणारी मी आणि तपासनीसही मी! त्यानंतर दोन वर्षं, रोज सकाळी मामू माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. “मॅडम, बघा. मंजूर करा.” मी बघायचे, चूक कधीच नसायची, मंजूर करायचे. ते आणखी थोडा वेळ उभे राहायचे. मला वाटायचं, म्हातारा चेंगट आहे, त्याला घाई नाही. मी वर न बघता म्हणायचे, “झालं, मामू.” मग ते जायचे. लुकलुकणाऱ्या पट्टीचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

त्यांच्या निवृत्तीचा दिवस ठरला तेव्हा भाषणाचं काम माझ्याकडे आलं. गमतीचं भाषण करू म्हणून मी त्यांच्या त्या चौकटीतल्या नोंदी वेचायला बसले. कितीतरी होत्या. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. खाली जाता जाता ती तारीख आली. दोन वर्षांत मी तिथपर्यंत एकदाही उतरले नव्हते, मुद्दाम. नोंद अशी होती:

‘अठ्ठावीसची अठरा केली. अठ्ठावीस माह्या हातची न्हाई. ज्याच्या हातची हाय, ते सांगल.’

खाली ‘बराबर’ नव्हतं. तेवढ्या एकाच नोंदीत नव्हतं. आणि लगेच खालच्या ओळीत माझं नाव, माझी वेळ, माझी रिकामी चौकट.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी ते भाषण फाडलं.

समारंभात मामू शाल घेऊन मांडीवर नारळ ठेवून बसले होते. प्राचार्य म्हणाले, की मामूंच्या हातून तीस वर्षांत एकच चूक झाली, आणि तीही त्यांनी मोठ्या मनानं कबूल केली. टाळ्या पडल्या. मग माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, “ती एक चूक माझी होती.” पुढचं सगळं सांगितलं, पट्टीपासून एसटीपर्यंत. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. प्राचार्य पुटपुटले, “आता कशाला उकरून काढता?” मामू समोर भिंतीकडे बघत होते.

नंतर गेटपाशी मी त्यांना गाठलं. ते आपला फलक पुसत होते, निवृत्त झालेले असूनही.

“लई टाइम लावला, मॅडम.”

“तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?”

“पाच वाजून राहिले होते. लेकरं उन्हात उभी. तुमी बोलायची वाट बघितली असती तं साडेपाच झाले असते.”

“आणि नंतर? दोन वर्षं?”

त्यांनी फडकं झटकलं.

“नंतर तं रोज येतच होतो ना तुमच्याकडं. उभा राहत होतो.”

मी त्यांच्या पाया पडले. त्यांना ते आवडलं नसावं, कारण ते “अरे, अरे” करत मागे सरकले आणि फडक्याचं पाणी माझ्या साडीवर उडालं.

सोमवारी मी प्राचार्यांना लेखी दिलं, की ताकीद मामूंच्या सेवापुस्तकातून काढून माझ्या नावावर लावावी. ते पत्र सध्या टेबलावर पडून आहे. जूनमध्ये माझी पुन्हा मुलाखत आहे. काय व्हायचं ते होईल.

पत्र देऊन आले आणि लॉगिन केलं. मामूंचं खातं बंद करायचं काम माझ्याकडे होतं. बघते तर मंजुरीच्या प्रतीक्षेत एक पान. शनिवारी संध्याकाळी, समारंभानंतर टाकलेलं, मामूंच्या नावानं. उघडलं, आधीच्या पानाशी ताडून पाहिलं. एक अक्षरही बदललेलं नव्हतं. फक्त चौकटीत लिहिलं होतं:

‘त्या दिवशीची अठरा तारीख. बराबर.’

मी फोन घेऊन गेटबाहेर गेले, उन्हात उभी राहिले, हात लांब करून सगळं पान पहिल्या अक्षरापासून वाचलं. मग आत येऊन उभ्यानंच ‘मंजूर’ दाबलं.